रडणं माझं, बोलणं दुसरीचं

रामटेकच्या गडाच्या पायऱ्यांवर एक लहान मुलगी हमसून हमसून रडते आहे, असा एक प्रसंग एका जुन्या मराठी सिनेमात आहे. ती मुलगी मी. त्या रडण्याबद्दल आजवर बऱ्याच जणांनी सांगितलं, लिहिलं. सगळ्यात जास्त सांगितलं त्या सिनेमाच्या दिग्दर्शकाने. मला फारसं कुणी विचारलं नाही आणि ज्यांनी विचारलं त्यांनी माझं ऐकून घेऊन भलतंच छापलं. म्हणून काय झालं ते मीच सांगते.

आम्ही उत्तर नागपूरच्या एका वस्तीत राहायचो. बाबा कापडाच्या गिरणीत मागावर होते, आई घरी विड्या वळायची. बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी आईच्या कडेवर होते. मला त्यातलं काही आठवत नाही, पण आमच्या घरात त्या दिवसानंतर कुणी मान खाली घालून बोलायचं नाही असा नियम होता आणि तो मला चांगला आठवतो.

मला नकला करता यायच्या. भाजीवाली, बहिरा म्हातारा, आमचे ड्रिल मास्तर, कुणाचीही. चौथीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात मी बहिऱ्या म्हाताऱ्याचं काम केलं आणि सगळं मैदान हसत होतं. त्या गर्दीत सिनेमा कंपनीचा एक माणूस बसला होता. कंपनी रामटेकला चित्रीकरणाला येणार होती आणि त्यांना नऊ-दहा वर्षांची मुलगी हवी होती. तो दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाला घेऊन आमच्या घरी आला. दिग्दर्शकांनी मला उजेडात उभं केलं, हनुवटी धरून चेहरा इकडे तिकडे फिरवला आणि म्हणाले, “डोळे चांगले आहेत.” मी त्यांना बहिरा म्हातारा करून दाखवते म्हटलं. ते म्हणाले, “नको, त्याची गरज नाही.”

बाबांनी एकच गोष्ट विचारली. “देवळाचं शूटिंग आहे म्हनता. पोरीले पाया पडाले लावान काय?”

“सिनेमात हात जोडावे लागतील. खरोखरचे नाही.”

“खोटे जोडाले हरकत नाही,” बाबा म्हणाले, आणि घरातले सगळे हसले.

आई आणि मी रामटेकला धर्मशाळेत राहिलो. पहिले काही दिवस मजेत गेले. मला फ्रॉक मिळाले, बैलगाडीत बसायला मिळालं, पायऱ्यांवरून धावत खाली यायचं काम मिळालं. बोलण्याची वाक्यं मात्र अवघड होती. “बाबा, तुम्ही मला सोडून कुठे चाललात?” असं एक वाक्य होतं. माझ्या तोंडी पहिल्यांदा ते “मले सोडून कुठी चालले” असं आलं. दिग्दर्शक चिडले. मग मी दोन दिवस धर्मशाळेच्या ओसरीवर येरझारा घालत ‘मला, तुला, त्याला’ घोकलं. आईने विड्यांची पानं बरोबर आणली होती. ती विड्या वळता वळता माझं ऐकायची आणि चुकलं की थांबवायची, जरी तिला स्वतःला तसं बोलता येत नव्हतं. शेवटी कॅमेऱ्यासमोर मी ते वाक्य एकदाही न अडखळता म्हटलं. दिग्दर्शक म्हणाले, “छान.” तो शब्द मी पुढे बरेच दिवस जपून ठेवला होता.

मग रडायचा प्रसंग आला. सिनेमातले वडील मुलीला सोडून निघून जातात आणि ती पायरीवर बसून रडते. सकाळपासून आम्ही त्याच पायरीवर होतो. माझ्या डोळ्यांत औषध घातलं, तर डोळे नुसते झोंबले आणि लाल झाले. मी तोंड वेडंवाकडं केलं की मागे कुणीतरी हसायचं आणि मलाही हसू यायचं. ऊन चढायच्या आत काम उरकायचं होतं. दिग्दर्शक दोनदा टोपी काढून घाम पुसून गेले. नंतर ते आईला म्हणाले, “हिचा दुसरा फ्रॉक खालून धर्मशाळेतून आणता का?”

आई पायऱ्या उतरून गेली. ते माझ्याजवळ येऊन बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. इतक्या दिवसांत तसा त्यांनी कधी ठेवला नव्हता.

“बाळ, नागपूरहून निरोप आलाय,” ते हळू आवाजात म्हणाले. “गिरणीत अपघात झाला. तुझे बाबा गेले.”

त्याच वर्षी आमच्या गल्लीतल्या एका माणसाचा हात यंत्रात सापडून तुटला होता. मी त्याला बैलगाडीतून घरी आणताना पाहिलं होतं. त्यामुळे मला ते खरं वाटायला क्षणही लागला नाही. मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. माझ्या गळ्यातून जो आवाज निघाला तो मला माझाच वाटला नाही, एवढं आठवतं. दिग्दर्शक केव्हा उठून बाजूला झाले ते मला कळलं नाही. कॅमेरा चालू होता. मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि त्यामागून सगळ्यांनी.

आई फ्रॉक घेऊन वर आली तेव्हा मी पायरीवर आडवी पडले होते.

“काहून रडून राहिली वं? कोनं मारलं तुले?”

“बाबा मेले,” मी म्हटलं.

आई होती त्या पायरीवर मटकन बसली. तेवढ्यात मागून कुणीतरी हसलं, आणि दिग्दर्शक हात हलवत पुढे आले. “अहो नाही नाही, काही झालेलं नाही. तिला रडवायला सांगितलं तसं. पण काय शॉट झालाय, तुम्ही बघाल तेव्हा कळेल.”

आईला समजायला जरा वेळ लागला. ती उठली, पदर सावरला.

“साहेब, तुमाले लेकरं आहेत?”

“आहेत की. दोन.”

“त्यायले सांगता काय असं?”

दिग्दर्शक हसले. त्यांना वाटलं बाई भोळी आहे. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, पण ती भोळी नव्हती हे मला कळत होतं. तिने माझा दंड धरून मला उभं केलं.

सगळे मला सांगत होते की बाबा चांगले आहेत, ठणठणीत आहेत. पण ज्या माणसाने बाबा गेले म्हणून सांगितलं तोच आता बाबा जिवंत आहेत म्हणत होता. त्यातलं खरं कुठलं हे मी कशावरून ठरवायचं? मी आईवरही विश्वास ठेवेना. ती मला गप्प करायला म्हणते आहे असं वाटायचं. शेवटी आईने कुणालाही न विचारता माझा हात धरला आणि आम्ही दुपारच्या बसने नागपूरला निघालो. कामठी येईपर्यंत मी खिडकीला डोकं टेकून रडत होते. पुढे रडणंही संपलं.

आम्ही सरळ गिरणीच्या फाटकाशी गेलो. भोंगा झाला आणि माणसं बाहेर पडू लागली. सगळ्यांच्या डोक्यावर, भुवयांवर पांढरा कापूस. सगळे सारखे दिसत होते. मी एकेका चेहऱ्याकडे बघत होते आणि तो बाबांचा निघत नव्हता. मग बाबा आले. सायकल हातात धरून, बरोबरच्या माणसाशी काहीतरी बोलत, हसत. मी धावत जाऊन त्यांच्या पायांना मिठी मारली. सायकल पडली.

“काहून आल्या वं? शूटिंग सरलं?” ते म्हणाले.

आईने तिथेच उभं राहून सगळं सांगितलं. बाबांनी ऐकलं. सायकल उचलली, मला पुढच्या दांड्यावर बसवलं आणि घरापर्यंत ते चालत आले.

दुसऱ्या दिवशी सुटी टाकून ते आमच्याबरोबर रामटेकला आले. आई म्हणत होती, जायचंच कशाला. बाबांचं म्हणणं होतं की काम कबूल केलं आहे तर पुरं करू, पण त्या माणसाने पोरीची माफी मागितली पाहिजे. गडावर गेल्यावर त्यांनी दिग्दर्शकांना तेच सांगितलं, आवाज न चढवता.

“माफी कसली त्यात?” दिग्दर्शक म्हणाले. “हा धंदाच असा आहे. आणि बरं वाटत असेल तर तुमची मागतो.”

“माही नको. तिची मागा.”

दिग्दर्शकांनी खाली वाकून माझा गाल ओढला. “काय गं, रागावलीस?” मग कुणाला तरी सांगून बिस्किटांचा पुडा मागवला आणि माझ्या हातात दिला. “झालं?”

“हे माफी नव्हे,” बाबा म्हणाले.

“फार हट्टी आहात बुवा तुम्ही,” असं म्हणून दिग्दर्शक कॅमेऱ्याकडे निघून गेले. पुढचे दोन दिवस बाबा कॅमेऱ्याच्या मागे, मला दिसतील अशा ठिकाणी बसून राहिले. मी सांगितलेलं काम करत होते, पण दर थोड्या वेळाने माझी नजर तिकडे जायची. “इकडे बघ, इकडे,” म्हणून मला सारखं ओरडून सांगावं लागत होतं.

सिनेमा लागला तेव्हा आमची सगळी गल्ली सीताबर्डीला पाहायला गेली. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती. थिएटरबाहेरच्या पाटीवर माझं नाव नव्हतं. तिथे ‘बेबी’ आणि पुढे कंपनीने ठेवलेलं एक नाव होतं. आडनाव नव्हतं. बाबा पाटीसमोर जरा वेळ थांबले. मग आत गेलो. पडद्यावर मी पायऱ्यांवरून धावत आले, आणि गल्लीतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग मी तोंड उघडलं.

आवाज माझा नव्हता. कुणातरी दुसऱ्या मुलीचा होता, बारीक, साखरेत घोळलेला. “बाबा, तुम्ही मला सोडून कुठे चाललात?” ती म्हणाली, आणि माझे ओठ हलले.

“हा तुहा आवाज नव्हे वं,” शेजारची मावशी माझ्या कानाशी येऊन म्हणाली. मला माहीत होतं. सगळ्या रांगेला माहीत होतं. मला वाटलं, मी कुठेतरी चुकले असेन. कुठे चुकले ते मी अंधारात बसून शोधत होते.

नंतर ती पायरी आली, आणि रडणं. ते मात्र माझं होतं. पहिल्या हुंदक्याला आईने माझा हात घट्ट धरला. सगळं थिएटर रडत होतं. आमच्या रांगेत तेवढं कुणी रडत नव्हतं.

मला शाळेत निवडणारा तो कंपनीचा माणूस थिएटरच्या व्हरांड्यात उभा होता. बाबांनी त्याला गाठलं.

“पोरीचा आवाज काहून काढला?”

“अहो, तिची भाषा चालली नसती. पुण्या-मुंबईचे लोक हसले असते.”

“तिनं तर शिकून घेतलं होतं तुमच्यासारखं.”

“तरी कळतंच हो ते.”

“अन् रडनं कसं चाललं?”

“रडायला भाषा कुठे लागते?” तो माणूस म्हणाला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमचं रडणं त्यांना हवं होतं. नाव नको, बोलणं नको, हसवणं तर दिग्दर्शकांनी बघितलंसुद्धा नाही.

पुढे शाळेत मला रडण्याचीच कामं मिळू लागली. विधवेची मुलगी, हरवलेली मुलगी, आजारी मुलगी. मी मास्तरांना म्हटलं, मला हसवायचं काम द्या. ते म्हणाले, “तुझा तो प्रांत नाही.” पाहुणे आले की म्हणायचे, जरा रडून दाखव ना, सिनेमात रडलीस तसं. तेराव्या वर्षी वस्तीतल्या बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात मी एका घाबरट हवालदाराचं काम केलं. माणसं पोट धरून हसली. ते माझं शेवटचं काम. त्यानंतर मॅट्रिकचा अभ्यास आला, मग नर्सिंगचं शिक्षण.

धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात मी लागले, लहान मुलांच्या वॉर्डात. भंडाऱ्याहून, यवतमाळहून, कुठून कुठून लोक लेकरांना घेऊन यायचे. डॉक्टरांचं बोलणं त्यांना अर्धं कळायचं. उरलेलं ते मला येऊन विचारायचे. “सिस्टर आपल्यावानीच बोलते,” असं एखादी बाई म्हणाली की मला बरं वाटायचं. सुई टोचताना मी कुठल्याही मुलाला ‘दुखणार नाही’ असं सांगितलेलं नाही. “दुखंल थोडंसं, मंग सरंल,” एवढंच म्हणायचे. वरिष्ठ बाई यावरून एकदा रागावल्या. मुलं जास्त रडतात म्हणाल्या. मी म्हटलं, रडू द्या, खरं कारण असेल तर रडू द्या.

ऐंशीनंतर कधीतरी त्या दिग्दर्शकांचा नागपुरात सत्कार ठरला. तोवर ते मोठे झाले होते. ते प्रत्येक मुलाखतीत रामटेकची गोष्ट सांगायचे: मुलगी रडेना, मग मी अशी युक्ती केली आणि पडद्यावर अस्सल अश्रू आले. ऐकणारे हसायचे. सत्काराच्या निमित्ताने एका वर्तमानपत्राने माझ्यावर लेख करायचं ठरवलं, आणि एक बातमीदार वॉर्डात आला. मी चहाच्या सुटीत त्याला जिन्यात उभं राहून सगळं सांगितलं. तो मान डोलवत होता, लिहून घेत होता.

रविवारी लेख आला. बाबा तोवर गिरणीतून निवृत्त झाले होते आणि सकाळी पेपर मोठ्याने वाचायची त्यांना सवय होती. त्यात लिहिलं होतं की ही गुणी बालकलाकार गरीब, अशिक्षित घरातून आली. लग्नानंतर तिने अभिनय सोडला. दिग्दर्शकांबद्दल ती आजही कृतज्ञ आहे. पुढचं वाक्य वाचताना बाबांचा आवाज हळू झाला. ‘चित्रीकरण सुरू असतानाच तिच्या वडिलांचे गिरणीतील अपघातात निधन झाले, तरीही त्या चिमुरडीने काम पूर्ण केले.’

बाबांनी चष्मा काढला. “मी मेलो म्हनते,” ते म्हणाले.

सत्काराचं निमंत्रण मला आलंच होतं. मी जाणार नव्हते, पण त्या लेखानंतर गेले, आणि बाबाही आले. निवेदकाने मला मंचावर बोलावलं. दिग्दर्शक मध्ये बसले होते, शाल पांघरून. निवेदक म्हणाला, “आता आपण त्यांच्याच तोंडून ते गाजलेलं वाक्य ऐकू या.” आणि ध्वनिक्षेपक माझ्यासमोर धरला.

“ते वाक्य मी बोललेच नाही,” मी म्हटलं. “तो आवाज दुसऱ्या मुलीचा आहे. माझं फक्त रडणं आहे. आणि ते यांनी माझे बाबा मेले असं खोटं सांगून काढलं. माहे बाबा जिवंत आहेत, खाली बसले आहेत. पेपरवाल्यांनी पाहून घ्या.”

काही लोक हसले. त्यांना वाटलं, कार्यक्रमाचाच भाग आहे. दिग्दर्शकही हसत होते. मला अजून बोलायचं होतं, पण निवेदकाने ध्वनिक्षेपक स्वतःकडे घेतला आणि “अशा या भारलेल्या आठवणी” म्हणून पुढच्या वक्त्याचं नाव घेतलं.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही त्यांच्यापाशी गेलो. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “इतकी वर्षं मनात ठेवलंस?”

“तुम्ही इतकी वर्षं सांगत फिरलात,” मी म्हटलं.

त्यांनी बाबांकडे पाहिलं. ओळख पटली नाही. “हे?”

“मी हिचा बाप,” बाबा म्हणाले. “रामटेकले तुमाले म्हटलं होतं, पोरीची माफी मागा. मी अजून थांबून आहो.”

दिग्दर्शकांनी क्षणभर बाबांकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. पण आजूबाजूला सह्या घेणारी माणसं होती. त्यांनी आपल्या हातातला गुलाबांचा गुच्छ बाबांच्या हातात दिला आणि म्हणाले, “वयाने काही फरक पडला नाही बघा तुमच्यात.” मग ते गाडीकडे गेले. बाबांनी गुच्छ जवळच्या खुर्चीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशीच्या बातमीत होतं की जुन्या आठवणींनी मला अश्रू अनावर झाले आणि मला पुढे बोलवेना. मी रडले नव्हते. एक थेंबही नाही. मी ड्यूटीवर जायच्या आधी बाबांना घेऊन त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले. टेबलावरच्या माणसाने आमचं ऐकून घेतलं. बाबांकडे बघून तो ओशाळला, आणि ते जिवंत असल्याचं छापतो म्हणाला. मी म्हटलं, बाकीचंही छापा. खोटं सांगितलं ते, आवाज काढला ते, मी रडले नाही ते. तो म्हणाला, “बाई, तो मतांचा प्रश्न झाला.”

दोन दिवसांनी आतल्या पानावर दोन ओळी आल्या. माझे वडील हयात आहेत, चुकीबद्दल दिलगीर आहोत. बाबांनी त्या वाचून दाखवल्या. ज्याने मागायची त्याने नाही, पण कुणीतरी माफी मागितली म्हणून त्यांना थोडं समाधान वाटलं असावं.

आईला नाही वाटलं. ती चुलीपुढून उठून आली आणि पेपर त्यांच्या हातातून घेतला.

“तुमी जिवंत आहा हे मले दिसून राहिलं,” ती म्हणाली. “त्यानं पोरीले काय केलं ते कोठी हाये यात?”

आईने पेपर उलटसुलट करून पाहिला, तिला वाचता येत नव्हतं तरी, आणि मग माझ्याकडे दिला. मी म्हटलं, नाही आई, ते यात नाही.